दर बदलला की बिल पुन्हा चुकतं: कोडमधलं मूळ दुखणं कसं शोधायचं

तक्रार अशी असते. हॉटेलच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये कराचा दर बदलला, चारदोन बिलं काढून पाहिली, सगळं ठीक म्हणून सोडून दिलं. पंधरवड्याच्या आत कळंगुटहून नाहीतर कोलव्याहून फोन. रूमचं बिल बरोबर येतं, पण महिन्याच्या रिपोर्टात जुनाच दर. किंवा रिपोर्ट बरोबर आणि ऑनलाइन बुकिंगच्या पानावर चूक. किंवा सगळ्यात वाईट प्रकार: गेल्या वर्षीच्या बिलाची प्रत कोणीतरी मागितली आणि ती आजच्या दराने छापून आली. दुरुस्ती होते, फोन थांबतात, आणि पुढचा दरबदल आला की पहिल्यापासून सुरू.

अशा वेळी 'नीट टेस्टिंग केलं नाही' असं म्हणून पोरांना झापायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. एक आकडा बदलायला ज्या कोडमध्ये वीस फायली उघडाव्या लागतात, तिथे विसावी फाइल कोणाच्याही हातून सुटणार. दुखणं माणसात नाही, कोडच्या रचनेत आहे. ते शोधायची रीत थोडी वेगळी असल्यामुळे नेहमीच्या डिबगिंगमधून ते सापडत नाही.

उदाहरण मी हॉटेलच्या बिलिंगचं घेतो, कारण पणजी, पर्वरी, मडगाव पट्ट्यातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी बऱ्याच जणांना ते ओळखीचं आहे. कोड पीएचपीत आहे असं धरा. पायथॉन किंवा जावा असला तरी फक्त टूलची नावं बदलतात.

आधी दरांचा इतिहास, कारण कोड त्याचाच साठा आहे

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा रूमच्या जाहीर भाड्यावर टप्पे होते. १००० च्या खाली कर नाही, तिथून २५०० च्या आत १२ टक्के, २५०० पासून ७५०० च्या आत १८ टक्के, आणि ७५०० किंवा त्याहून जास्त असेल तर २८. २७ जुलै २०१८ पासून टप्पा जाहीर भाड्यावरून नव्हे, तर गिऱ्हाइकाकडून प्रत्यक्ष घेतलेल्या रकमेवरून ठरू लागला. आपल्याकडे हा फरक पावसाळ्यात डोळ्यांत भरतो: आठ हजारांची रूम जुलैत चार हजारांना दिली, तर आधी तिला २८ टक्के लागायचे, नंतर १८. मग १ ऑक्टोबर २०१९ पासून १००० पर्यंत शून्य, त्यावर ७५०० पर्यंत १२ आणि त्याच्या वर १८. १८ जुलै २०२२ ला हजारापर्यंतची सूट गेली, तिथेही १२ आले. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० पर्यंत ५ टक्के, इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे हॉटेलने स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर वजा न करता. त्याच्या वर १८ तसेच.

शेवटच्या बदलाचा निर्णय जाहीर झाला ३ सप्टेंबरला, ऐन चवथीत, म्हणजे गोव्यातली अर्धी टीम सत्तरी, पेडणे, काणकोणला आपापल्या गावी असताना. लागू झाला तो घटस्थापनेच्या दिवशी. मध्ये तीन आठवडेसुद्धा नव्हते.

या इतिहासात दोन खुंट्या आहेत, कोडमधली बरीचशी घाण त्यांच्यावर लटकलेली सापडते. पहिली, बरोबर ७५०० रुपयांची रूम. २०१७ च्या नियमात ती वरच्या टप्प्यात होती, २०१९ पासून खालच्या. कोडमध्ये हा फरक 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा कमी किंवा तितकेच' एवढाच, म्हणजे एका बरोबरच्या चिन्हाचा. करामुळेच भाव नेमका ७५०० वर टेकवणारी हॉटेलं असतात, त्यामुळे हे चिन्ह पुस्तकी नाही. दुसरी खुंटी म्हणजे 'टॅरिफ' हे नाव. २०१८ आधी लिहिलेल्या फंक्शनमध्ये या व्हेरिएबलचा अर्थ जाहीर भाडं, नंतरच्या फंक्शनमध्ये प्रत्यक्ष भाडं. नाव एकच. एकाने दुसऱ्याला बोलावलं की बिल चुकतं, तेही फक्त सवलत दिलेल्या रूमचं. म्हणजे जूनमध्ये चुकतं, डिसेंबरात नाही, आणि ऑफिसमध्ये कोणी म्हणतं, 'सर्व्हरचा प्रॉब्लेम असणार.'

हा बग आहे की आणखी काही?

बग एकदा काढला की जातो. इथे तसं होत नाही. ओळखायच्या खुणा मला तीन वाटतात: लहानशा मागणीला अनेक फायली बदलाव्या लागणं, तीच दुरुस्ती वेगळ्या रूपात पुन्हा पुन्हा करावी लागणं, आणि 'हे फक्त अमक्यालाच कळतं' असं टीममध्ये सर्रास म्हटलं जाणं. तिसरी खूण सगळ्यांत बोलकी. तो अमका चवथीला गेला की तुमचं काम अडतं.

सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेच्या आयएसओ २५०१० या मानकात देखभालक्षमतेचे पाच भाग दिले आहेत: मॉड्यूल वेगळी असणं, पुन्हा वापरता येणं, विश्लेषण करता येणं, बदलता येणं आणि तपासता येणं. यादी बरी आहे, पण रोजच्या कामात जीव खातात ते विश्लेषण आणि बदल हेच दोन. कुठे हात घालायचा ते कळत नाही, आणि घातला तर काय फुटेल ते कळत नाही.

शोध: कोड वाचायला बसू नका, इतिहास वाचा

नवीन माणूस उत्साहाने सगळा कोड वाचायला घेतो आणि जे कुरूप दिसेल ते सुधारायला लागतो. तसं करू नका. कुरूपपणा आणि त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या घराचं छत गळतं तेव्हा थेंब एका खोलीत पडतो आणि फुटलेलं कौल चार हात लांब, छपराच्या उतारावर वर असतं. पाणी वाशावरून वाहत आलेलं असतं. तक्रार जिथून आली ती फाइल म्हणजे तो थेंब.

पाणी कुठून येतं ते गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल, सांगतं. गेल्या दोन वर्षांच्या गिट लॉगमधून फक्त बदललेल्या फायलींची नावं काढा, सॉर्ट करा, मोजा. कोणती फाइल किती कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलांमध्ये) आली याची उतरती यादी मिळेल. बाजूला गुंतागुंतीची यादी ठेवा. थॉमस मॅककेबने १९७६ मध्ये सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी हे माप मांडलं, म्हणजे फंक्शनमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटांची संख्या, आणि वाजवी मर्यादा म्हणून १० सुचवली. पीएचपीसाठी पीएचपीएमडी हे मोजून देतं. पायथॉनला रॅडॉन आहे, ते ए ते एफ अशी श्रेणी देतं आणि एफ म्हणजे ४१ किंवा त्याहून जास्त. दोन्ही याद्यांच्या वरच्या टोकाला ज्या फायली आहेत त्या तुमच्या. बहुतेक वेळा त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघतात, हा या पद्धतीचा मोठा दिलासा.

मग पाहा कोणत्या फायली एकाच कमिटमध्ये बरोबरीने बदलतात. बिलाची फाइल आणि कराची फाइल एकत्र बदलली तर समजू शकतो. पण बिलाची फाइल, बुकिंग पानाचं जावास्क्रिप्ट, टॅलीसाठीचा एक्स्पोर्ट आणि डेटाबेसमधली स्टोअर्ड प्रोसिजर दर वेळी एकत्र बदलत असतील, तर त्या चौघांत एक गुपित वाटून घेतलेलं आहे. ते गुपित कोणतं ते शोधायचं.

इथे आकड्याचा माग काढावा लागतो, आणि या कामात घाई चालत नाही. १२ टक्के हा दर शोधायला नुसतं १२ शोधलं तर महिने, तास, पानांची संख्या असं सगळं समोर येतं. शिवाय दर वेशांतर करून बसलेला असतो. ०.१२ हा उघड वेश. सीजीएसटी-एसजीएसटीसाठी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) अर्धा केलेला ०.०६ किंवा नुसता ६. करासह रक्कम काढायला १.१२. करासह रकमेतून कर वेगळा करायला ११२ ने भाग. कोणी हुशार निघाला तर १२ भागिले ११२ ला छोटं रूप देऊन ३ भागिले २८ लिहितो, आणि १८ टक्क्यांसाठी ९ भागिले ५९. हे शेवटचे दोन नुसता दर शोधून सापडत नाहीत; ते सापडतात बिल चुकल्यावर. म्हणून दराची सगळी रूपं आधी कागदावर लिहून काढा, मग एकेक शोधा, आणि शोध फक्त पीएचपी फायलींत ठेवू नका. बिलाचा साचा, एसक्यूएल, एक्सेलचा नमुना, ईमेलचा मजकूर, सगळीकडे बघा. 'सर्व कर १२%' हे वाक्य बुकिंगच्या ईमेलमध्ये शब्दांत लिहून ठेवलेलं असतं, हे विसरलं जातं.

गिट लॉगला कॅपिटल एस हा पर्याय देऊन एखादा आकडा दिलात, तर तो आकडा कोडमध्ये कधी आला आणि कधी गेला तेवढे कमिट दिसतात. ०.१२ देऊन पाहा. दरबदलांच्या तारखांच्या आसपास कमिटची गर्दी दिसेल. त्या गर्दीनंतर दोनतीन आठवड्यांनी आलेले एकेकटे कमिट म्हणजे सुटलेल्या जागा, आणि तीच तुमच्या दुखण्याची यादी. कोणती ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणारं गिट ब्लेम वापरताना मोकळ्या जागेचे बदल वगळणारा छोटा डब्ल्यू हा पर्याय लावा, नाहीतर प्रत्येक ओळीवर ज्याने एकदा फाइलचं इंडेंटेशन सुधारलं त्याचंच नाव दिसत राहतं.

टूल काय सांगतं आणि काय नाही

कोडची गुणवत्ता मोजणारं सोनारक्यूब लावलं की देखभालीची श्रेणी मिळते. दुरुस्तीचा अंदाजित खर्च हा कोड नव्याने लिहायच्या खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत असेल तर ए. नव्याने लिहायचा खर्च मूळ सेटिंगमध्ये ओळीमागे ३० मिनिटं धरलेला असतो. मालकाला ही श्रेणी आवडते, कारण ती शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी दिसते. ती निरुपयोगी नाही. दर महिन्याला चढते की उतरते एवढं पाहायला ठीक. पण ए श्रेणीच्या कोडमध्ये ७५०० हा आकडा अकरा ठिकाणी असू शकतो, आणि टूलला त्यात गैर काही दिसत नाही.

कॉपी-पेस्ट शोधणारी टूल्सही तशीच. ती सारखा मजकूर शोधतात. पायथॉनचा कोड तपासणारं पायलिंट चार ओळी सारख्या दिसल्या की बोट दाखवतं. पण जावास्क्रिप्टमधलं ०.१२ आणि एसक्यूएलमधलं ११२ ने भागणं यांत एकही अक्षर सारखं नाही, माहिती मात्र एकच. मजकुराची पुनरुक्ती फारशी घातक नसते. घातक असते ती नियमाची, आणि ती शोधायला नियम माहीत असलेलं माणूस लागतं. हॉटेलच्या अकाउंटंटबरोबर एक दुपार बसणं हे कोणत्याही टूलपेक्षा स्वस्त पडतं, असा माझा अनुभव. आज एआयला 'ड्युप्लिकेट शोध' सांगणारे बरेच आहेत. सांगा जरूर, पण दराची रूपं तुम्ही दिल्याशिवाय ते तीन भागिले अठ्ठावीसपर्यंत पोचेल याच्या भरवशावर राहू नका.

पुढे-मागे झोके घेणारी ओळ

एक खास प्रकार वेगळा सांगतो, कारण त्यात दुखणं रचनेचं नसून न लिहिलेल्या कारणाचं असतं.

कोल्हापूरची एखादी कंपनी आपल्या माणसांना कांदोळीला ठेवते. बिलावर सीजीएसटी आणि गोव्याचा एसजीएसटी लागतो. त्या कंपनीची नोंदणी महाराष्ट्रात, जीएसटी क्रमांकाची सुरुवात २७ ने. गोव्याचा क्रमांक ३० ने सुरू होतो. त्यांना या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून त्यांचा अकाउंटंट आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर) लावा म्हणून हट्ट धरतो. हॉटेलचा मॅनेजर सॉफ्टवेअरवाल्याला कळवतो. प्रोग्रामरला वाटतं, राज्य वेगळं म्हणजे आयजीएसटी, बरोबर आहे की! तो दोन राज्यांची तुलना करणारी अट घालतो. महिन्याभराने हॉटेलचा सीए ओरडतो: राहण्याच्या सेवेचं पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे ती इमारत जिथे आहे ते. इमारत गोव्यात, म्हणून पाहुणा कुठलाही असो, कर गोव्याचा. अट काढली जाते. वर्षभराने नवा प्रोग्रामर, नवी कंपनी, तीच विनंती.

गिटमध्ये हे स्पष्ट दिसतं: तीच ओळ आली, गेली, आली, गेली. असा झोका दिसला की कोड सुधारू नका, कारण लिहा. कमेंटपेक्षा टेस्ट (कोडचं उत्तर आपोआप तपासणारा छोटा कोड) बरी, कारण कमेंट कोणी वाचत नाही आणि टेस्ट लाल झाली की वाचावीच लागते. टेस्टच्या नावातच सांगा: परराज्यातल्या कंपनीच्या पाहुण्यालाही गोव्याचाच कर, कारण हॉटेलची इमारत गोव्यात. नाव लांबलं तर लांबू दे. पुढचा माणूस अट घालेल तेव्हा हे वाक्य त्याच्या तोंडावर येईल.

'हात लावू नये' एवढंच लिहिलेली कमेंट याच्या अगदी उलट. ती भीती पुढे देते, कारण देत नाही. अशी कमेंट सापडली की तिचा कमिट शोधा, ज्याने लिहिली तो अजून गोव्यात असेल तर त्याला फोन करा, आणि कारण मिळालं की टेस्ट लिहून कमेंट पुसा.

दुरुस्ती

पहिलं काम कोड बदलणं नाही, आज तो काय करतो ते गोठवणं. जुनी खरी बिलं घ्या, पाहुण्यांची नावं-नंबर काढून टाका, आणि आजच्या कोडमधून आलेली प्रत्येक रक्कम टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर म्हणून ठेवा. बिलं सरसकट निवडू नका, अडचणीची निवडा. बरोबर ७५०० ची रूम. पावसाळी सवलतीची रूम. तीन रात्रींचा मुक्काम, ज्यात २९ आणि ३० डिसेंबरला ६००० आणि ३१ ला ९०००. टप्पा दर रूमला दर दिवसाचा असतो, म्हणून पहिल्या दोन रात्री एका दरात आणि तिसरी वेगळ्या, आणि जो कोड सरासरी काढतो तो इथे पकडला जातो. बारचं बिल, कारण दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट, आणि त्याच टेबलावरच्या चिकन काफ्रेअलवर जीएसटी. रद्द झालेलं बुकिंग आणि त्याची क्रेडिट नोट.

काही उत्तरं चुकीची निघतील. ती त्या क्षणी सुधारायची नाहीत. चुकीचं उत्तरच टेस्टमध्ये ठेवा, वेगळी यादी करा, सीएला दाखवा. रचना बदलणं आणि वागणूक बदलणं एकाच कमिटमध्ये आलं, तर पुढे कोणी काय बिघडवलं ते कोणालाच सांगता येणार नाही.

आता दर एका जागी आणायचे. इथे नव्वद टक्के लोक एक सोपी वाट धरतात: सेटिंग्जमध्ये 'कराचा दर' असा रकाना करतात. दर बदलला की रकाना बदलला, काम झालं. हीच ती वाट जिच्यामुळे गेल्या वर्षीचं बिल आजच्या दराने छापलं जातं. दराला तारीख असते. तक्ता हवा तो असा: सेवेचा प्रकार, टप्पा कुठून कुठपर्यंत, सीमेवरचा आकडा आत की बाहेर, टप्पा कोणत्या रकमेवर मोजायचा, दर, कधीपासून, कधीपर्यंत. वर दिलेला इतिहास या तक्त्यात थोड्याच ओळींत बसतो. त्यावर एकच फंक्शन, आणि त्याला तारीख बाहेरून द्यायची. फंक्शनच्या आत 'आज' विचारलं की ते टेस्ट करता येत नाही, आणि मध्यरात्री १२ च्या आसपास चेकआउट करणारा पाहुणा तुम्हाला ते शिकवून जातो. शिवाय बनलेल्या बिलाच्या प्रत्येक ओळीवर लागलेला दर आणि कराची रक्कम साठवून ठेवा. प्रत छापताना पुन्हा गणित करायचं नाही.

पैसे पैशांत, पूर्णांकात ठेवा. कॉम्प्युटरला ०.१ आणि ०.२ ची दशांश बेरीज नेमकी ०.३ येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण बिलात त्याहून जास्त सतावते ती रक्कम जवळच्या पैशावर आणण्याची जागा. १९९९ रुपयांवर ५ टक्के म्हणजे ९९.९५. तेच अडीच-अडीच टक्के वेगळे काढले तर ४९.९७५, जवळच्या पैशावर आणून ४९.९८, दोन्ही मिळून ९९.९६. एक पैसा. बिलात एक रीत आणि रिपोर्टात दुसरी असली तर महिनाअखेर अकाउंटंट त्या पैशांमागे लागतो आणि तुम्ही त्याच्यामागे. कोणती रीत ते एकदा ठरवा आणि ती त्याच फंक्शनमध्ये कोंडून ठेवा.

मग जुन्या जागा एकेक करून या फंक्शनकडे वळवायच्या. सगळ्या एकदम नाही. एक जागा, टेस्ट हिरव्या, कमिट, पुढची जागा. जिथे धाकधूक वाटते तिथे काही दिवस जुनं आणि नवं दोन्ही गणित चालवा, छापायचं जुनंच, फरक आला तर लॉगमध्ये लिहायचा. फरक दिसेनासे झाले की जुनं काढा. आणि काढा म्हणजे पुसून टाका. कमेंट करून ठेवलेला कोड हा पुढच्या माणसासाठी सापळा आहे, गिटमध्ये तो आहेच.

नावं बदलण्याचं काम यानंतरचं. 'टॅरिफ'ची दोन नावं करा, जाहीर भाडं आणि घेतलेलं भाडं. डेटाबेसमध्ये 'लक्झरी टॅक्स' नावाचा कॉलम सापडेल, जीएसटीपूर्वीचा, आणि कोणीतरी २०१७ च्या घाईत त्यातच एसजीएसटी भरायला सुरुवात केलेली असेल. कॉलम बदलायला धजावत नसाल तर निदान कोडमधून त्याला योग्य नावाने हाक मारता येईल असं एक वेष्टन घाला. फॉरमॅटिंगचे मोठे कमिट वेगळे ठेवा आणि ब्लेममध्ये दुर्लक्ष करायच्या कमिटच्या फाइलीत त्यांची नोंद करा.

सगळं नव्याने लिहायचा मोह होतो. पात्रांव, म्हणजे मालक, विचारतो, 'एकदाच नवीन का नाही करत?' त्या जुन्या कोडमध्ये कोणीही कागदावर न लिहिलेले नियम आहेत, कोल्हापूरच्या कंपनीसारखे. नव्याने लिहिलं की ते सगळे पुन्हा गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन शिकावे लागतात, तेही ऐन सीझनमध्ये.

परत येऊ नये म्हणून

बिल्डमध्ये एक साधी स्क्रिप्ट टाका: दरांच्या तक्त्याबाहेर ७५००, ०.१८, ११८ असे आकडे दिसले तर बिल्ड फेल. खोटे इशारे येतील, त्यांची अपवादांची यादी ठेवा. कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारं पीएचपीस्टॅन लावताना जुन्या हजारो तक्रारी बघून लोक पहिल्याच दिवशी ते बंद करतात. त्यात बेसलाइनची सोय आहे, आजच्या तक्रारी गोठवा आणि फक्त नव्या अडवा. 'अमक्या हॉटेलचा आयडी असेल तर' अशा अटी मोजत राहा. त्या वाढल्या की समजायचं, सेटिंगमध्ये जायला हवं ते कोडमध्ये शिरतंय.

फर्मागुडीच्या किंवा आणखी कुठल्या कॉलेजातून ट्रेनी आला की त्याला एक लहान बदल करायला द्या आणि तो कुठे कुठे अडतो ते नुसतं लिहून घ्या. मदत लगेच करू नका. जुन्या माणसांना जे दिसेनासं झालेलं असतं ते त्याच्या अडखळण्यात दिसतं.

आणि सगळीकडे हात मारत सुटू नका. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते. त्या फॉर्मचा एक्स्पोर्ट करणारं मॉड्यूल अनेक ठिकाणी भयंकर असतं, चारशे ओळींचं एकच फंक्शन. पण वर्षानुवर्षं त्याला कोणी हात लावलेला नसेल आणि तक्रारही नसेल, तर बदलांच्या यादीत ते तळाला असतं. तिथेच राहू दे. ज्या दिवशी फॉर्मचं स्वरूप बदलेल त्या दिवशी बघू.

ॲडव्हान्सचं काय?

हा प्रश्न हमखास उरतो. डिसेंबरचं बुकिंग ऑगस्टमध्ये झालं, पैसे तेव्हाच घेतले, मध्ये दर बदलला. कोणती तारीख फंक्शनला द्यायची? फक्त चेक-इनची तारीख देऊन भागत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १४ नुसार सेवा, बिल आणि पैसे या तीन घटना बघायच्या. दरबदलाच्या ज्या बाजूला त्यांतल्या दोन, त्या बाजूचा दर. म्हणजे ऑगस्टमध्ये पैसे आणि बिल दोन्ही झाले असतील तर जुना दर, आणि नुसते पैसे घेऊन बिल डिसेंबरात फाडलं तर नवा. तेव्हा फंक्शनला एक नाही, तीन तारखा लागतात. हे आत घालण्याआधी हॉटेलच्या सीएकडून अशी तीनचार उदाहरणं आकड्यांसकट लिहून घ्या आणि तीच पहिल्या टेस्ट म्हणून टाका.